विकलेली घरची जीप परत आणायची असेल तर: शोधापासून पासिंगपर्यंत

आमची जीप गेली ती २००६ च्या मे महिन्यात. महिंद्रा एमएम ५४०, १९९० चं पासिंग, नंबर एमएच-११ चा. अण्णांनी ती १९९६ साली रस्त्याची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडून अर्धी मोडलेली आणली होती. पुढची दहा वर्षं कराडजवळच्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी तिचं काही ना काही चाललेलं असायचं. पाने हातात द्यायचं काम माझं. इंजिन फ्रेंच घराण्यातलं, म्हणून त्याला मिलिमीटरचे पाने. खालचा सांगाडा जुन्या अमेरिकन विलीज जीपच्या वळणाचा, म्हणून तिथे इंची. अर्ध्या इंचाचा पाना कुठला आणि तेराचा कुठला, हे मला अंधारातही हाताने कळायचं. ताईच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी अण्णांनी जीप विकली तेव्हा तिचं हूड, म्हणजे वरचं कापडी छत, करायचं बाकी होतं, मागची बाकडी बाकी होती. अण्णा २०१९ ला गेले. २०२३ साली मी ती जीप गुहागरजवळच्या एका आंब्याच्या वाडीत शोधून काढली आणि परत आणली.

त्यात माझे जवळजवळ दोन वर्षं गेले, आणि त्यातले सहा-सात महिने निव्वळ माहिती नसल्यामुळे वाया गेले. तुमच्या घरचा टाटा ४०७ असेल, मॅटाडोर असेल, वडिलांनी सुट्टे भाग जमवून उभी केलेली एखादी जीप असेल, तर तुमचे महिने वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी ठरवा: तीच गाडी हवी की तशीच?

हा प्रश्न घरी सगळ्यांसमोर बसून सोडवा. एमएम ५४० आजही बाजारात मिळते. चांगल्या अवस्थेतली, कागद स्वच्छ असलेली गाडी घेणं कितीतरी सोपं आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडतं. तिच्यात बसल्यावर तुमचं समाधान होणार असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

पण तुम्हाला हवं आहे ते आपल्या माणसाच्या हातचं काम असेल, तर एक यादी करा. त्या गाडीवर आपल्या माणसाचं नेमकं काय आहे? आमच्या यादीत होतं: ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर अण्णांनी मारलेलं जाड, ओबडधोबड वेल्डिंग, डॅशबोर्डला जादा मीटरसाठी पाडलेली दोन भोकं, त्यातलं एक चुकून तिरकं, मागच्या फाळक्याच्या आतल्या बाजूला ऑईलपेंटने लिहिलेल्या तारखा. पुढे तीन ठिकाणी ही यादी उपयोगी पडली: गाडी ओळखताना, किंमत ठरवताना, आणि सर्वांत जास्त गॅरेजमध्ये. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं वीस वर्षांत बदललेली असणारच, त्यांच्यात जीव अडकवू नका.

घरातले कागद धुंडाळा

रजिस्ट्रेशन नंबर बहुतेकांना पाठ असतो. तेवढ्याने भागत नाही, चासीचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा, नंबर हवा. नंबर प्लेट कुणालाही रंगवता येते. चासी नंबर लोखंडात ठोकलेला असतो. जुन्या विमा पॉलिसीवर, कर्जाच्या कागदांवर, आरसी बुकाच्या झेरॉक्सवर तो असतो. आम्हाला तो अण्णांच्या ट्रंकेत, २००१ च्या विम्याच्या पावतीवर सापडला. फोटोही काढून ठेवा, विशेषतः ज्यांत गाडी मागे कुठेतरी कडेला दिसते असे. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे आमच्या जीपचा डावा मडगार्ड स्पष्ट दिसत होता, पोचा होता तसा.

१९८९ च्या आधीची गाडी असेल तर तिचा नंबर एमएचचा नसून जुन्या तीन अक्षरी मालिकेतला असेल. असे नंबर परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीत कित्येकदा चढवलेलेच नसतात. ॲपवर गाडी दिसली नाही म्हणजे ती भंगारात गेली असं धरून चालू नका. त्या आरटीओच्या जुन्या रजिस्टरमध्ये नोंद असू शकते आणि तिथून ती संगणकावर घेता येते. याला तिथे ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात. मूळ पुस्तक हाताशी असेल तर काम बरंच हलकं होतं.

माग काढणं

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा वर्ग, नोंदणीची तारीख, मुदत, विमा एवढं दिसतं. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं. तरी त्या अर्ध्या नावावरूनही गोष्टी कळतात. मला तिथे जे दिसलं त्याने मी खुर्चीतून उठले: झाकलेल्या अक्षरांमागे अण्णांचंच नाव होतं. सतरा वर्षांत गाडी कुणीच स्वतःच्या नावावर केली नव्हती. याचा अर्थ काय होतो ते पुढे सांगते.

ॲपच्या पुढे कामाला येतात ती माणसं. पहिला खरेदीदार, त्याचा फिटर, तालुक्याच्या आरटीओबाहेर बसणारा जुना एजंट, सुट्ट्या भागांचा दुकानदार. जीपवाले आपापसांत घट्ट असतात. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जुन्या गाड्यांची कामं करणारे मिस्त्री कुठली गाडी कुणाकडे गेली हे नंबरासकट सांगतात. आमच्या जीपचा माग चिपळूणच्या एका फिटरकडून लागला. त्याला अण्णांचं नाव ठाऊक नव्हतं. डॅशबोर्डचं तिरकं भोक आठवत होतं.

पहिली भेट

पहिल्या भेटीला पैसे घेऊन जाऊ नका. घासलेटचा बोळा, खडू, विजेरी, चासी नंबर लिहिलेला कागद आणि जुने फोटो एवढं न्या.

नंबर चासीच्या पट्टीवर शोधा. वर रंगाचे आणि ग्रीसचे थर असतात. ते घासलेटने भिजवून कापडाने पुसा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका, कारण खरवडलेला नंबर आरटीओत संशयाचा ठरतो. अक्षरं दिसली की त्यांवर खडू फिरवा आणि फोटो काढा. कागद ठेवून पेन्सिल घासून छापही घ्या, पुढे अर्जांवर तसाच छाप लागतो. आजूबाजूचं लोखंड बारकाईने बघा. नंबराच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंगची आडवी रेघ असेल तर तो तुकडा दुसऱ्या गाडीवरून आणून बसवलेला असू शकतो. जीपच्या बाबतीत हा धोका खरा आहे: हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जीप सुट्ट्या भागांतून नव्याने उभ्या करण्याचा मोठा व्यवसाय आहे, आणि त्या देशभर पोचलेल्या असतात. दिसायला त्या देखण्या असतात, पण नंबर एका गाडीचा आणि सांगाडा दुसरीचा असेल तर तुम्ही आपल्या गाडीऐवजी परक्या गाडीवर पैसे घालाल, आणि गुन्हाही अंगावर येईल.

नंबर जुळला की मग बोला. गाडीत जीव अडकलाय हे सांगितलं की भाव वाढतो, असं सगळे सांगतात. मला ते पटलं नाही. नंबर तपासून झाल्यावर मी वाडीतल्या काकांना अण्णांचा आणि जीपचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ह्यांनीच ते खालचं वेल्डिंग मारलंन काय? सतरा वर्षांत हललं नाय.” त्यांनीही त्या गाडीतून हजारो पेट्या आंबा ओढला होता, बायकोला प्रसूतीला त्याच गाडीतून नेलं होतं. समोरच्यालाही गाडी सोडायला वेळ लागतो, तो द्या. मी चार वेळा गेले. तिसऱ्या वेळी किमतीचा विषय त्यांनीच काढला.

कागद: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

गाडी कुणाच्या नावावर आहे यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो.

विकणाऱ्याच्याच नावावर असेल तर सोपं. मालकी बदलाचे फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०, त्यांवर चासीचा छाप, आरसी, विमा, पीयूसी. नवा मालक म्हणून तुम्ही ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, मग ते कर्ज पंधरा वर्षांपूर्वी फिटलेलं का असेना, तर वित्तसंस्थेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. संस्था बंद पडली असेल तर हेच काम सर्वांत जास्त लांबतं, म्हणून ते पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून करून घ्या. गाडी परराज्यात नोंदवलेली असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत फॉर्म २८ वर घ्यावं लागतं. थकलेला कर आणि ई-चलान नंबर टाकून आधीच बघा.

आमच्यासारखं प्रकरण असेल, म्हणजे गाडी अजून आपल्याच दिवंगत माणसाच्या नावावर असेल, तर कागदोपत्री ती विकतच घ्यायची नसते. ती वारसाने यायची असते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. आमच्याकडे आईची आणि ताईची सही लागली. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. कागद आपल्या नावावर आहे म्हणून समोरच्याला ‘गाडी आमचीच’ असं म्हणायला जाऊ नका. त्याने पैसे मोजलेले आहेत, गाडी सांभाळलेली आहे. आम्ही ठरलेली किंमत पूर्ण दिली आणि दोन साक्षीदारांसमोर स्टँप पेपरवर ताबा पावती केली: गाडी कधी, कुणाकडून घेतली होती, आज कुणाला, किती रुपयांना दिली, आणि पूर्वीच्या अपघाताची, दंडाची, खटल्याची जबाबदारी कुणाची.

ती शेवटची ओळ विसरू नका. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी गाडीचा मालक म्हणजे ज्याच्या नावाची नोंद आहे तो. मधल्या काळात गाडी अनेक जणांना विकली गेली असली तरी. सतरा वर्षं अण्णांचं नाव त्या गाडीवर होतं आणि आम्हाला कल्पनाही नव्हती. तुमच्या घरातून पूर्वी कुठलीही गाडी विकली गेली असेल, ती परत हवी असो वा नसो, आज तिचा नंबर तपासून बघा.

गाडीची नोंदणी रद्द झाली असेल, भंगारात काढल्याची नोंद असेल, तर ती रस्त्यावर पुन्हा आणण्याच्या भानगडीत पडू नका. अंगणात ठेवण्यापुरती घ्यायची असेल तर घ्या, आणि किंमत लोखंडाच्या वजनाची द्या.

नोंदणीची मुदत हा वेगळा विषय आहे. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण. त्यासाठी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या हलक्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये केलं. हे सगळं मिळून चांगली रक्कम होते, ती भाव ठरवताना हिशेबात धरा. जुन्या गाडीलाही आता हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, समजा एखादी जुनी सीजे ३बी जीप, तर २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीचा मार्ग आहे. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये. पण तशी गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. शेतावर न्यायची असेल तर साधी नोंदणी बरी.

आणि ट्रक किंवा ४०७ असेल तर तो मालवाहू म्हणून नोंदलेला असतो. आठ वर्षांवरच्या अशा गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, आणि एकूण वजन ३,००० किलोंहून जास्त असेल तर परमिटही. वर्षाला चार वेळा गावच्या जत्रेला न्यायच्या गाडीसाठी हा खर्च जन्मभर पेलवेल का, हे आधी बघा.

गाडी तपासणं

मिस्त्री बरोबर न्या, आणि तो आपला असू द्या. कोकणातली गाडी असेल तर इंजिनाच्या आधी खालचा पत्रा बघा. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस चासी आतून खातात. छोट्या हातोडीने चासी ठोकत जा: निरोगी लोखंड ठणठणतं, सडलेलं भद् वाजतं. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) शॅकल जिथे लटकतात ती जागा, बॉडीचे बोल्ट बसतात ते कान, बॅटरीखालचा भाग, या तीन ठिकाणी हमखास खाल्लेलं असतं. पाटे, बुश, यू-बोल्ट बदलता येतात. चासीला मोठी चीर असेल तर थांबा आणि पुन्हा विचार करा.

इंजिन बघायला जाल तेव्हा आधी बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन सुरू होताना जे दिसतं ते गरम इंजिन लपवतं. एमएम ५४० ला प्यूजोच्या परवान्यावरचं २,११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन असतं. ते हीटर प्लगवर सुरू होतं, त्यामुळे थंडीत उशिरा उठलं तर लगेच इंजिनाला दोष देऊ नका, आधी हीटर तपासा. चालू झाल्यावर ऑईल भरायचं झाकण काढा. तिथून धूर फसफसून येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा-लाईनर गेलेत, इंजिन बांधावं लागणार. निळा धूर ऑईल जळल्याचा, काळा पंप किंवा नोझलचा; पांढरा गरम झाल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केटकडे बघा.

इंजिन नंबर आरसीशी जुळवा. जीपमध्ये दुसरं इंजिन टाकणं हा आपल्याकडे सर्रास प्रकार आहे. टाकलेल्या इंजिनाचं बिल आणि आरटीओची नोंद नसेल तर पासिंगला गाडी तिथेच अडेल.

किंमत

माझं मत असं की दोन आकडे कागदावर वेगवेगळे लिहावेत. एक, या अवस्थेतल्या, या कागदांच्या कुठल्याही तशाच गाडीचा बाजारभाव. दुसरा, ती आपली आहे म्हणून वर किती द्यायचे ते. दुसरा आकडा घरच्यांना विचारून ठरवा आणि त्यापुढे जाऊ नका. आमचा दुसरा आकडा ४०,००० होता; ताईने सांगितला, कारण जीप तिच्या फीसाठी गेली होती. दुरुस्तीचा अंदाज मिस्त्रीकडून घ्या आणि त्याच्या दीडपट रक्कम बाजूला ठेवा. इसार थोडाच द्या, पावतीवर चासी नंबर लिहून घ्या, आणि ‘कागद नावावर होण्यात मालकाच्या बाजूने अडचण आली तर इसार परत’ हे वाक्य घाला.

घरी आणणं

मालक म्हणेल चालू आहे, घेऊन जा. नेऊ नका. विमा नाही, मुदत संपलेली, ब्रेकचा भरवसा नाही. आम्ही जीप टेम्पोवर चढवून चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण अशी कराडला आणली. घाटातून दोराने ओढत आणण्याचा विचारही करू नका. बांधताना पट्टे ॲक्सलला आणि चासीला लावा, बॉडीला नाही. गिअर टाका, चाकांना ओंडके द्या, आणि पहिल्या पंधरा किलोमीटरला थांबून पट्टे पुन्हा ओढा. सैल पडलेले असतातच.

बरेच दिवस उभी असलेली गाडी घरी आल्याच्या आनंदात चावी फिरवू नका. टाकीतलं जुनं डिझेल काढा, रबरी पाईप आणि फिल्टर बदला, नवं ऑईल भरा. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवा. मोकळं फिरलं तरच पुढे. मग डिझेलच्या पाईपांतली हवा (एअर) काढा आणि स्टार्टर मारा. पेट्रोलची जुनी जीप असेल तर कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाईप आणि पडदे इथेनॉलला टिकणारे घाला. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं.

दुरुस्तीचा क्रम, आणि काय राखायचं

ब्रेक, स्टिअरिंग, टायर, वायरिंग. यांत काहीही जुनं ठेवू नका, भावनेसाठीही नाही. टायर नवे दिसले तरी कडेचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यानंतर रेडिएटर, मग इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटी.

गॅरेजमध्ये गाडी सोडण्याआधी ती यादी काढा आणि प्रत्येक खुणेवर पिवळी चिकटपट्टी लावा. चांगला टिंकर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, मनापासून काम करतो म्हणूनच तो तिरकं भोक बुजवून टाकेल आणि वेल्डिंग घासून सपाट करेल. आमच्या मिस्त्रींना मी समोर बसून सांगितलं की हे काम माझ्या वडिलांचं आहे. ते म्हणाले, “मग ताई, गंज तेवढा मारतो, वेल्डिंग तसंच ठेवतो.” पायाखालचा पत्रा दोन ठिकाणी कुजला होता, तेवढाच कापून नवा जोडला, अण्णांचा टाका मध्ये तसाच आहे. फाळक्याच्या आतल्या तारखांवर पारदर्शक लॅकर मारली. त्यांतली एक ‘१२-४-९९ क्राऊन ऑईल’ अशी आहे, शेवटची २००६ च्या मार्चमधली. हूड आम्ही नवं शिवून घेतलं. त्याचा सांगाडा मात्र अण्णांनी वाकवून ठेवलेल्या पाईपांचा केला. ते शेडच्या आढ्यावर सतरा वर्षं तसेच पडून होते.

बांधलेलं इंजिन पहिले १,००० किलोमीटर ओझ्याशिवाय आणि बेताने चालवा. एकाच वेगाने लांब पळवू नका, घाटात खालच्या गिअरला आधीच या. हजारला ऑईल आणि फिल्टर बदला, टॅपेट तपासून घ्या, पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. आमचे ९६० झालेत. येत्या रविवारी आईला पाटणला नेऊन आणलं की हजार होतील, आणि त्याच संध्याकाळी ऑईल बदलायचं आहे.